डोळा मारणारी गाडी: पॉप-अप हेडलाइटची मोटर घरच्या घरी कशी बघावी

मागच्या जुलैत घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या सिग्नलला उभा होतो. पाऊस नुकताच थांबला होता. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून माझ्या गाडीच्या नाकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, गाडी डोळा मारतेय." उतरून बघतो तर उजवा दिवा वर आलेला, डावा मिटलेला.

पुढचे तीन आठवडे मी दोन गॅरेजं केली. पहिल्याने मीटर लावून लगेच "मोटर गेली, बाहेरून मागवावी लागेल" असं सांगितलं. दुसऱ्याने मोटर सोडवून चुकीच्या पिनवर थेट बारा व्होल्ट दिले आणि आतला एक पातळ संपर्क जाळून ती माझ्या हातात परत ठेवली. मूळ दोष निघाला तो वेगळाच: नाकात बोल्टला आवळलेली एक अर्थची वायर (करंट पत्र्यावाटे बॅटरीकडे परत नेणारी) आणि मोटरच्या पोटात नखाएवढी कळकलेली तांब्याची पट्टी. ज्यांच्याकडे अशी गाडी नव्याने आली आहे त्यांचे हे तीन आठवडे वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

१. आधी आपली गाडी कुठल्या जातीची ते बघा

माझी गाडी पहिल्या पिढीची मझदा एमएक्स-५. जपानात ती यूनोस रोडस्टर या नावाने विकली जायची. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. उघडमीट करणारे दिवे फक्त याच पिढीला होते, पुढच्या पिढीत कंपनीने ते काढून टाकले. या गाडीत प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटर असते, म्हणून एक बिघडला तरी दुसरा चालतो आणि गाडी डोळा मारते.

सगळ्या गाड्यांत असं नसतं. पोर्शे ९२४ आणि ९४४ मध्ये एकच मोटर एका दांड्याने दोन्ही दिवे उचलते. १९६२ च्या लोटस इलानमध्ये मोटरच नव्हती, इंजिनच्या व्हॅक्यूमवर दिवे वर यायचे. त्याच्याही आधी, १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये तर डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांना एकेक हँडल होतं. बसल्या जागी, उसाच्या रसाचा चरक फिरवावा तसं फिरवायचं. तुमची गाडी व्हॅक्यूमवाली असेल तर पुढचं बरंचसं कामाचं नाही. टोयोटा एमआर२, सेलिका किंवा होंडा प्रिल्यूड असेल तर तत्त्व साधारण हेच, बोल्टांच्या जागा वेगळ्या.

तत्त्व सोपं आहे. छोटी बारा व्होल्टची मोटर एका वर्म गिअरला फिरवते, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला दांडा एका दातेरी चाकाला फिरवतो. गिअरच्या दांड्यावर एक क्रँक, क्रँकला एक लिंक, लिंकचं दुसरं टोक दिव्याला. शिवणयंत्राचा पायटा आणि त्याची दांडी आठवा. अर्धा फेरा झाला की दिवा वर, त्याच दिशेने आणखी अर्धा फेरा झाला की दिवा खाली. मोटर उलटी कधी फिरत नाही. मग थांबायचं कुठे हे तिला कोण सांगतं? गिअरच्या चाकासोबत फिरणारे तांब्याचे पट्टे, आणि त्यांच्यावर घासणाऱ्या दोन-तीन पातळ पात्या. अर्धा फेरा पूर्ण झाला की पाती पट्ट्यावरून उतरते आणि करंट तुटतो. आपल्याकडच्या बहुतेक रडकथा या पट्ट्यांवरच सुरू होतात. मोटर बिचारी त्यात आरोपी नसते.

२. लक्षण नीट बघा, गॅरेज नंतर

कोणाला तरी स्विच दाबायला बसवा आणि स्वतः पुढे उभे राहा. हात झाकणापासून लांब ठेवा, ते बोट चेचू शकतं. आता कान लावा.

दोन्ही दिवे ढिम्म हलत नाहीत: मोटरकडे बघूच नका. दोन मोटरी एकाच दिवशी मरत नाहीत. फ्यूज, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोटरचा करंट जोडणारी डबी), डॅशबोर्डवरचा स्विच, याच क्रमाने जा.

एकच हलत नाही, आवाजही नाही: त्या बाजूचा कपलर (मोटरच्या वायरी जोडणारा प्लग), अर्थ किंवा मोटरमधले संपर्क.

मोटर घरघरते पण दिवा जागचा हलत नाही: क्रँकचा नट ढिला, लिंक निसटलेली, किंवा गिअरचे दात गेलेले. यातल्या पहिल्या दोन गोष्टी पाना हातात घेतल्यावर पाच मिनिटांत कळतात.

दिवा वर-खाली, वर-खाली नाचत राहतो, थांबतच नाही: थांबण्याचा निरोप पोचत नाहीये. पट्टे घाण झालेत किंवा रिले चिकटलाय.

हळूहळू, म्हाताऱ्यासारखा उठतो: वाळलेलं ग्रीस, गंजलेली बिजागरी, किंवा मोटरपर्यंत पुरेसे व्होल्ट येत नाहीत. माझ्या गाडीचा डावा दिवा बंद पडण्याआधी दोन महिने असाच उठत होता आणि मला त्यात मजा वाटत होती.

एक वाईट सवय इथेच सोडा. अर्धवट उठलेला दिवा हाताने दाबून खाली बसवायचा नाही. दिव्याच्या बाजूने जोर देऊन वर्म गिअर फिरत नाही, त्यामुळे तुमच्या तळव्याचा सगळा जोर गिअरच्या दातांवर जातो.

३. काय काय लागेल

१० आणि १२ नंबरचे पाने, त्याच मापाच्या गोट्या, रॅचेट आणि एक लांब एक्स्टेन्शन. दोन-तीन मापांचे चौफुली स्क्रू ड्रायव्हर. मल्टीमीटर. टेस्ट लॅम्प: इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब आणि दोन वायरी जोडून घरीच होतो, आणि या कामात मल्टीमीटरपेक्षा जास्त खरं बोलतो. का ते पुढे येईल. कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे, गंज सोडवणारा स्प्रे, सगळ्यात बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, पांढरं लिथियम ग्रीस, कायम राहणारा मार्कर, फोटो काढायला मोबाइल.

आणि सेक्रेटरी काकांची परवानगी. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये गाडी खोलायला बंदी आहे. मी रविवारी सकाळी सातला काम काढलं, खाली जुनी चादर अंथरली आणि काकांना आधीच जाऊन सांगितलं की तेलाचा एक थेंब पडणार नाही. ते नऊ वाजता चहा घेऊन बघायला आले आणि अकरा वाजेपर्यंत तिथेच उभे.

४. रस्त्यात अडकलात तर

दुरुस्ती नंतर, आधी घरी पोचा. मोटरवर एक छोटी गोल मूठ असते, तिच्यावर रबराची टोपी. बॉनेट उघडा, आधी दिव्यांच्या मोटरचा फ्यूज काढा, नाहीतर मोटर अचानक फिरून बोटं अडकतील. टोपी काढा आणि मूठ बाणाच्या दिशेने फिरवत राहा. एक-दोन फेऱ्यांत काही होत नाही. वर्म गिअर आहे, दिवा तसूतसूने वर येतो. पूर्ण वर आला की थांबा. फ्यूज काढलेलाच राहू द्या. दिव्याच्या उजेडाचा फ्यूज वेगळा असतो, त्यामुळे दिवा लागेल, फक्त मिटणार नाही.

टोपी परत लावायला विसरू नका. माझ्या आधीच्या मालकाने ती कधीतरी हरवली होती आणि मला वाटतं माझ्या मोटरमध्ये पाणी शिरलं ते तिथूनच.

५. फ्यूज, रिले आणि सगळ्यात महत्त्वाची: अर्थ

या गाडीची बॅटरी बॉनेटखाली शोधू नका. ती डिकीत उजव्या कोपऱ्यात असते. कंपनीची मूळ बॅटरी सीलबंद होती आणि तिचा वायू नळीने गाडीबाहेर जायचा. आपल्याकडे कोणीतरी साधी बॅटरी बसवून नळी तशीच लोंबकळत ठेवलेली असते. बॅटरीच्या आसपास पत्रा फुगलेला किंवा पांढरी पूड दिसली तर आधी ते काम करा, दिवे वाट बघतील.

इंजिनजवळच्या फ्यूजच्या पेटीत झाकणावर 'रिट्रॅक्टर' लिहिलेला ३० अँपिअरचा फ्यूज असतो. तो काढून डोळ्याने बघा आणि मीटरनेही तपासा, कारण कधी कधी तार शाबूत दिसते आणि पायाशी तुटलेली असते. उडालेला असेल तर ३० चाच घाला. पुन्हा उडाला तर कुठेतरी मोटर अडकली आहे किंवा वायर पत्र्याला लागली आहे. मोठा फ्यूज घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

रिलेचा आवाज ऐका. स्विच दाबल्यावर 'टक्' आलं म्हणजे निदान त्याची कॉइल जिवंत आहे. आवाज येऊनही करंट पुढे जात नसेल तर आतले संपर्क जळलेले. दुकानात मिळणारा चार पायांचा रिले 'सेमच आहे साहेब' म्हणून देतील, पण जुन्या जपानी गाड्यांत पायांची मांडणी बऱ्याचदा वेगळी असते. पाय जुळतात म्हणून जोडणी जुळते असं नाही. जुन्या रिलेवरची छोटी आकृती बघून, मीटर लावून खात्री करा.

आता अर्थ. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. ठाणे काय, नवी मुंबई काय, आपण खाडीच्या काठावर राहतो. वाशीपासून बेलापूरपर्यंत आणि इकडे कळव्यापासून कोलशेतपर्यंत हवेत मीठ आहे, चार महिने ओल आहे. त्यात आपण लाडाने गाडीवर कव्हर घालतो आणि आतली वाफ आतच कोंडून ठेवतो. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, तसं गाडीच्या नाकातलं प्रत्येक तांबं आणि पितळ हळूहळू कळकत असतं.

माझ्या गाडीत डिकीतल्या बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते. डावी मोटर उठायचा प्रयत्न करत असताना तिच्या कपलरवर मोजले तर ९.२. म्हणजे तीन व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते. मोटर सुटी असताना तिथेच मीटर लावलं की मात्र १२.५ दाखवायचा, आणि पहिल्या गॅरेजवाल्याने नेमकं हेच दाखवून मला सांगितलं होतं: "करंट येतोय, म्हणजे मोटर मेली." मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. वायरची एक केसाएवढी तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. म्हणून २१ वॉटचा बल्ब. कपलरमध्ये मोटरच्या जागी तो लावा. झगझगीत पेटला तर वायरिंग ठीक, मिणमिणला तर मोटरला दोष देऊ नका.

दिव्यामागे पत्र्याला बोल्टने आवळलेली काळी वायर शोधा. बोल्ट काढा, वायरचं थिंबल (टोकाची कडी) आणि खालचा पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, परत आवळा, वरून थोडं ग्रीस. एवढ्यावर माझे ९.२ चे ११.९ झाले. तुमच्यापैकी काहींचं काम इथेच संपेल. स्विच दाबून बघा, दिवा उठला तर पुढचं वाचू नका, चहा प्या.

वायरिंग बघताना उंदराचे दातही शोधा. पार्किंगमधल्या उंदरांना नाकातली ती उबदार जागा फार आवडते. माझ्याकडे एका वायरचं वरचं प्लास्टिक दोन इंच खाल्लेलं होतं. वॉचमनने तंबाखूची पुडी ठेवायला सांगितलं. ठेवली. उंदीर गेले की नाही माहीत नाही, पुडी मात्र गेली.

६. मोटर उतरवणं

दिवा वर करून ठेवा, चालत नसेल तर मुठीने. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. क्रम महत्त्वाचा आहे, दिवा खाली असताना आत हात शिरत नाही.

दिव्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण काढा. तीस वर्षांचं प्लास्टिक आहे, स्क्रू निघाला नाही म्हणून ओढू नका. कपलर काढताना वायर धरून खेचायची नाही, कपलरची जीभ दाबून काढायची. निघत नसेल तर स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा.

आता मार्कर. क्रँक मोटरच्या दांड्यावर कुठल्या कोनात बसली आहे त्याची दांड्यावर आणि क्रँकवर एक सलग रेघ ओढा, आणि दोन बाजूंनी फोटो काढा. ही रेघ न ओढता क्रँक काढली आणि अर्धा फेरा चुकवून बसवली, तर स्विच चालू केल्यावर दिवा मिटेल आणि बंद केल्यावर उघडेल. हसू नका, माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच झालं होतं, आणि सेक्रेटरी काका समोरच उभे होते.

क्रँकचा नट काढा, लिंक बाजूला करा, ब्रॅकेटचे बोल्ट काढा. शेवटचा बोल्ट काढताना मोटरला खालून हात द्या. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्रीच स्प्रे मारून ठेवलेला बरा. ताकद लावून डोकं उडवलंत तर मग वेल्डरला बोलवायची वेळ येते.

मोटर हातात आली की लिंकच्या दोन्ही टोकांचे सांधे हलवून बघा. तिथे खेळ असेल तर दिवा वर येऊन थरथरतो आणि रात्री रस्त्यावरचा उजेड नाचतो. माझा बुश, म्हणजे सांध्यातली छोटी नळी, झिजला होता. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याने जुना बघून नायलॉनचा नवा अर्ध्या तासात कातून दिला, आणि पैसे सांगायलाही लाजला. असली छोटी कामं हे लोक मनापासून करतात, फक्त महिन्याअखेरीस जाऊ नका.

७. मोटर उघडणं

दुसऱ्या गॅरेजने संपर्क जाळल्यामुळे मला हे काम एकट्याने करायचं धाडस होत नव्हतं. मोटर कापडी पिशवीत घातली आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने तुर्भ्याला गेलो. तिथे ट्रकच्या वायपर मोटरी आणि स्टार्टर दुरुस्त करणारे एक वयस्क उस्ताद आहेत. त्यांनी मोटर उलटसुलट केली, हुंगली आणि म्हणाले, "वाइंडिंग जला नहीं है. जला होता तो बास आता." वाइंडिंग म्हणजे मोटरच्या आत गुंडाळलेली तार. तुम्हीही हुंगून बघा. जळलेल्या वार्निशचा उग्र वास एकदा आला की विसरत नाही. तो वास आला नाही तर मोटर वाचण्याची आशा धरायला हरकत नाही.

त्यांच्यासमोर बसून जे शिकलो ते असं.

गिअरच्या बाजूचं झाकण आधी. स्क्रूच्या खाचा जुन्या असतात, म्हणून बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर लावून, मागून हलकी हातोडी मारून मग फिरवायचा. झाकण उघडल्यावर काहीही पुसण्याआधी फोटो काढा. आत मेणासारखं घट्ट, पिवळं-तपकिरी ग्रीस दिसेल. ते लाकडी काडीने खरवडून काढा. प्लास्टिकच्या भागांवर पेट्रोल ओतायचं नाही.

तांब्याचे पट्टे कॉन्टॅक्ट क्लीनर आणि टूथब्रशने स्वच्छ करा. हिरवं जात नसेल तर बारीक पॉलिश पेपर, पण दोन-तीन हलके हात, बस. पट्टा पातळ असतो. घासून खाली गेला की पाती त्याच्यावर टेकणार नाही. पातीला चिमट्याने किंचित वर उचलून तिचा दाब बघा. माझी एक पाती जळून टोकाला काळी आणि आखूड झाली होती. उस्तादांनी भंगारातल्या दुसऱ्या मोटरची पितळी पाती कापून, वाकवून, डाग देऊन बसवली. हे काम मी करू शकलो नसतो आणि तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर तुम्हीही करू नका. अशा माणसाकडे जा.

मोटरच्या बाजूचं झाकण काढलं की कार्बन (करंट पोचवणारे घासते ठोकळे) आणि कम्युटेटर (ते ज्याच्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) दिसतात. कम्युटेटर काळवंडला असेल तर पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) फिरवायचं, आणि दोन पट्ट्यांमधल्या खाचा दात कोरायच्या काडीने साफ करायच्या. खाचेत कार्बनची पूड साचली की दोन पट्ट्या आपापसात जुळतात.

कार्बन झिजले असतील तर इथे एक मोठा सापळा आहे. हार्डवेअरच्या दुकानात ड्रिल मशीनचे कार्बन मिळतात, घासून मापात बसतातही. ते बसवू नका. ते २३० व्होल्टच्या मशीनसाठी असतात. बारा व्होल्टच्या मोटरीच्या कार्बनमध्ये तांबं मिसळलेलं असतं, कारण कमी व्होल्टला कमी अडथळा लागतो. ड्रिलचे कार्बन घातले की मोटर फिरते पण मरगळलेली, आणि पुन्हा तुम्ही अर्थ शोधत बसता. वायपर किंवा फॅन मोटरीचे, तांबूस झाक असलेले कार्बन घेऊन घासून मापात करा.

गिअरचं चाक पूर्ण फिरवून प्रत्येक दात बघा. दिवा अर्ध्याच फेऱ्यांत थांबतो-निघतो, त्यामुळे झीज ठरावीक जागी जास्त असते. चाक प्लास्टिकचं असेल आणि दात गेले असतील तर मोटरच बदललेली बरी.

नवं ग्रीस गिअरच्या दातांना पातळ लावा. तांब्याच्या पट्ट्यांवर लोंदे नकोत. झाकण लावताना जुनं रबर फाटलं असेल तर सिलिकॉनची बारीक रेघ, पण मोटरला श्वास घ्यायला ठेवलेलं भोक असेल तर ते बुजवू नका. बुजवलं तर गरम-थंड होताना ती दुसरीकडून ओली हवा आत ओढते.

गाडीत बसवण्याआधी बाकावर फिरवून बघायची असेल तर वायरिंगची आकृती समोर ठेवून, कुठली पिन कशाची हे ओळखून, मधे फ्यूज लावूनच. नाहीतर माझ्यासारखं दुसऱ्याच्या घाईचं बिल भरावं लागतं. उस्तादांनी माझ्याकडून सगळ्याचे मिळून सहाशे रुपये घेतले.

८. बदलायचीच असेल तर

वाइंडिंग जळलं असेल किंवा गिअर संपला असेल तर दुसरी मोटर शोधावी लागते. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्टची दुकानं आहेत, चक्कर मारायला हरकत नाही, पण या गाडीची मोटर तिथे हाती लागेल या आशेवर सुट्टी टाकू नका. बहुतेकांना ती परदेशातून, वापरलेली मागवावी लागते.

डावी आणि उजवी मोटर वेगळ्या असतात. डावी म्हणजे ड्रायव्हरच्या जागी बसल्यावर डावी, समोर उभं राहून बघितल्यावर नव्हे. विकणाऱ्याकडून मोटर फिरतानाचा आणि दोन्ही टोकांना थांबतानाचा व्हिडिओ मागा. नुसती फिरणारी मोटर तुमच्याकडेही आहे, थांबणारी हवी आहे. कपलरचा जवळून फोटो मागा, कापलेल्या वायरींची मोटर घेऊ नका.

कुरिअरने येताना कस्टमसाठी ओळखपत्र लागतं: आधार किंवा पॅन, पार्सलवरच्या नावाशी तंतोतंत जुळणारं. सोबत खऱ्या किमतीचं बिल आणि पैसे भरल्याची पावती. विकणारा "किंमत कमी लिहू का" असं विचारेल. नको म्हणा. कस्टमला किंमत पटली नाही तर पार्सल अडकतं आणि खुलासे तुम्ही देत बसता. ड्यूटी आणि कुरिअरचा खर्च धरूनच हिशोब करा, मोटर वजनाला हलकी नसते.

९. परत बसवणं

उतरवलं त्याच्या उलट क्रमाने. क्रँक रेघेवर रेघ जुळवून बसवा, नट आवळा. बॅटरी जोडण्याआधी मुठीने एक पूर्ण फेरा हाताने फिरवा. कुठे अडकतंय, झाकण पत्र्याला घासतंय का बघा. पाना, कापड, मार्कर, काहीही आत राहिलेलं नाही याची खात्री करा. बिजागरीला थोडं तेल. मग बॅटरी, मग स्विच. पहिल्यांदा फक्त दिवे उचलायचं डॅशबोर्डवरचं बटण वापरा. पाच-सहा वेळा उघडमीट करा आणि दोन्ही दिवे बरोबरीने उठतात का ते समोरून बघा. थोडा फरक असतोच.

१०. झोत आणि आरटीओ

मोटर काढली-घातली की झोत हलतो. काम सुरू करण्याआधी रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून झोताच्या कडेला चिकटपट्टी लावून ठेवली असेल तर आता त्याच जागी गाडी उभी करून स्क्रूने जुळवायचं. ठेवली नसेल तर हेडलाइट लावून देणाऱ्याकडे जा.

दिवाच बदलायचा असेल तर एक आनंदाची बातमी आहे. या गाडीचा दिवा सात इंची गोल असतो, आणि त्या मापाचा एच४ बल्बवाला दिवा आपल्याकडे बुलेटच्या आणि जीपच्या दुकानात मिळतो. बाहेरून मागवू नका, निदान अमेरिकेतून तरी नाही. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, म्हणून त्या दिव्याचा डिपरचा झोत उजवीकडे वर चढतो. आपल्याकडे तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. बल्ब ६०/५५ वॉटचाच. शंभर वॉटचे बल्ब घालून जुनं वायरिंग वितळवलेली एक गाडी मी उस्तादांकडेच पाहिली.

या वयाच्या गाडीला नोंदणीचं नूतनीकरण चुकत नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते, मग ती ठाण्याची एमएच-०४ असो की वाशीची एमएच-४३. फॉर्म २५, आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार, पॅन, पर्यावरण कराची पावती आणि चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा, एवढं एका फाइलमध्ये ठेवा. दिवे दुरुस्त करूनच जा. माझ्या वेळी तपासणाऱ्या साहेबांनी ब्रेक, हॉर्न, वायपर दोन मिनिटांत उरकले आणि दिवे मात्र सात वेळा उघडमीट करायला लावले. चौथ्या वेळेनंतर मला कळलं की हे तपासणीसाठी नाही. शेजारच्या रांगेतले दोन टेम्पोवालेही बघायला आले होते.

आता गाडी चालवली नाही तरी दर रविवारी दिवे पाच वेळा वर-खाली करतो, त्याने पट्टे घासून साफ राहतात. पावसाळा संपला की दोन्ही अर्थचे बोल्ट काढून पुसतो. आणि मुठीच्या दोन टोप्या नव्या आणल्या आहेत, एक जादा, ती ग्लोव्ह बॉक्समध्ये ३० च्या फ्यूजसोबत पडलेली असते.